सद्हेतूचाही हिशेब हवा

बालसुधारगृहांचे अहवाल चाळताना एक प्रश्न आम्हांला नेहमी छळतो. किती मुले आली, किती शिबिरे भरली, किती शिवणयंत्रे देणगीदाखल मिळाली, हे सारे त्यांत असते. बाहेर पडलेल्या मुलाचे पुढे काय झाले, याविषयी मात्र मौन!

‘प्रेमाने केलेले कार्य मोजायचे कशाला?’ असे आम्हांला विचारले जाते. याचे उत्तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सने दिले आहे. डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या योजनेनुसार तेथे १९३९ साली ५०६ मुलांच्या जोड्या लावण्यात आल्या. नाणे उडवून प्रत्येक जोडीतील एकाला समुपदेशन, शिकवणी, उन्हाळी शिबिरे असे साहाय्य दिले गेले. दुसऱ्याला काहीच नाही. सुमारे तीस वर्षांनंतर जोन मॅकॉर्ड यांनी त्यांचा माग काढला. साहाय्य लाभलेल्यांपैकी बहुतेकांनी कार्यक्रमाचे गुणच गायिले. परंतु १९७८ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष वेगळेच बोलत होते : मद्यासक्ती, गंभीर मानसिक आजार, पुन्हा गुन्हा करणे, यांचे प्रमाण त्यांच्यातच अधिक होते. तुलनेसाठी दुसरा गट नसता, तर ही हानी परोपकार म्हणूनच मिरवली असती.

आपल्याकडे २०१५ च्या बालन्याय कायद्याचे कलम ५५ शासनाला स्वतंत्र मूल्यमापनाची मुभा देते. सक्ती करीत नाही. ती सक्ती झालीच पाहिजे. औषध देऊन रोगी बरा झाला की नाही, हे न पाहणाऱ्याला आपण वैद्य म्हणत नाही. मग मुलाचे आयुष्य हाती घेणाऱ्यांना, आणि त्यांत आम्हीही आलो, ही सवलत का?