ठरल्या वारी मिळणारा उंदीर

फ्रीजरमधला पांढरा उंदीर आधी वितळवतात, मग कोमट पाण्यात बुडवून गरम करतात. लांब चिमट्यात धरून तो पेटीत हलवला की बॉल पायथनची मान आखडते. ओठांवरच्या बारीक खाचांना ऊब कळलेली असते. क्षणात झडप पडते, दोन-तीन वेटोळी बसतात आणि आधीच मेलेला उंदीर पुन्हा एकदा आवळून मारला जातो. साप पाळणाऱ्या हौशी घरांत हे अनेकदा दर आठवड्याला, ठरल्या वारी चालतं.

या अजगराच्या मूळ मुलखात, म्हणजे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत, जेवणाचा वार ठरलेला नसतो. नायजेरियातल्या, १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नरांच्या पोटात मुख्यतः पक्षी सापडले, तर माद्यांच्या पोटात उंदरांसारखे सस्तन प्राणी. अंड्यांना वेटोळं घालून बसलेली मादी तर जवळपास दोन महिने सहसा काही खात नाही. घरातल्या सापानं मात्र तीन आठवडे तोंड फिरवलं की मालकाच्या पोटात गोळा येतो.

खरं तर हे शरीर उपासासाठीच घडलेलं आहे. बर्मी अजगरानं मोठी शिकार गिळली की दोन दिवसांत त्याचं हृदय सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं. आतडं आणि यकृतही फुगतं, आणि पचन संपलं की सगळं पुन्हा आकसतं. अशा जिवाला हालचालीला जागा नसलेल्या पेटीत ठेवून आठवड्याच्या आठवड्याला खुराक दिला, तर चरबी साचणारच. पाळीव सापांमधला लठ्ठपणा पशुवैद्यांना नवा नाही.

आपल्याकडच्या सापांकडे पाहिलं तरी ‘साप उंदीर खातो’ हे वाक्य तोकडं पडतं. फुरसं विंचू आणि गोमही खातं. मण्यार दुसरे साप गिळते. घोणशीचं पिल्लू पाली-सरड्यांवर वाढतं आणि मोठं झाल्यावर उंदरांकडे वळतं. दिवडाला मासे आणि बेडूक लागतात. या शतकाच्या सुरुवातीला वर्धा परिसरात पुन्हा सापडलेला अंडीखाऊ साप तर पक्ष्यांच्या अंड्यांवर जगतो. पक्ष्यांची वीण संपली की त्यालाही पोट आवरून राहावं लागतं.

आणि दूध? ते कुठल्याच सापाच्या आहारात नाही. नागपंचमीच्या आधी गारुडी नागाला पाण्यावाचून कोंडतो, म्हणून तो तहानेनं वाटीला तोंड लावतो. ते दूध त्याला पचत नाही, आणि फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. ही क्रूरता भक्तीच्या नावाखाली खपवून घेऊ नये. पण लाडानं कोंबलेला दर आठवड्याचा उंदीरही सापाची भूक न पाहताच दिलेला असतो. पाळणाऱ्यानं वार पाहण्याऐवजी सापाचं वजन पाहावं, कधी लाव्ह्याचं पिल्लू द्यावं आणि मोठ्या सापाला दोन जेवणांत आणखी अंतर द्यावं. प्राणिसंग्रहालयांनीही सापाच्या नावाच्या पाटीवर तो इथं काय खातो, किती दिवसांनी खातो आणि रानात काय खात होता, हे लिहावं. सहलीला आलेली मुलं हाच प्रश्न आधी विचारतात.

सर्पमित्रांना यातलं पुष्कळसं अनुभवानं ठाऊक असतं. घरातून पकडलेली धामण घाबरून नुकताच गिळलेला बेडूक बरणीत ओकते. तिला कोणी काही भरवत नाही. बरणीला हवेची भोकं आहेत ना, एवढं पाहतात आणि अंधार पडायच्या आत तिला जवळच्या बांधावर सोडून येतात.