१८ तासांची बैठक आणि जीवशास्त्राचा पेपर

एप्रिल आला की कॉलेजाकॉलेजांत बॅनर लागतात : सलग १८ तास अभ्यास, महामानवाला अभिवादन. या उपक्रमाला आमचा विरोध नाही. ज्यांच्या पणजोबांना शाळेच्या दाराबाहेर बसवलं, त्यांची पतवंडं पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत पुस्तक उघडून बसतात, याचं मोल आम्हाला कुणी सांगायला नको. पण बी.एस्सी.च्या पोरापोरींनी हाच वर्षभराचा नमुना मानावा आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात रात्र जागून झूलॉजीच्या नोट्स पाच-पाचदा वाचाव्यात, याला आमचा ठाम विरोध आहे. बाबासाहेबांचे तास आपण मोजले, त्या तासांत ते काय करत होते ते विसरलो. ते वाचताना खुणा करत, टिपणं काढत, लेखकाशी भांडत. आपण गाईड पिवळ्या हायलायटरने रंगवतो.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग बघा. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. आपला पेपर पाच मिनिटांनी नसतो.

म्हणजे पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर नेफ्रॉन काढा, ग्लुकोज कुठे परत शोषलं जातं ते बाणाने दाखवा, मग उघडून चुका तपासा. तीन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा.

आता सिकलसेल घ्या. विदर्भात, नंदुरबारच्या पट्ट्यात हा आजार पुस्तकातला नाही, घरातला आहे. आदिवासी पाड्यांत आहे, आपल्या बौद्ध वस्त्यांतही आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, हे वाक्य पाठ असलेली पोरं खूप भेटतात. आई-बाप दोघे वाहक असतील आणि पहिलं मूल आजारी निघालं, तर दुसऱ्याला धोका किती, असं विचारा. बरेच जण म्हणतात, चारातलं एक झालं, आता पुढची तीन सुटली. साफ चूक. प्रत्येक गरोदरपणात धोका नव्याने २५ टक्केच असतो. १:२:१ घोकणाऱ्याला हे सांगता येत नसेल, तर वस्तीतल्या त्या बाईला कोण सांगणार?

भाषेचा अडथळा खराच आहे. दहावीपर्यंत जी तंतुकणिका होती ती अकरावीत मायटोकॉन्ड्रिया होते, आणि येणारा विषय परका वाटू लागतो. मराठीत समजून घेण्यात कमीपणा कसला? आधी मैत्रिणीला मराठीत समजावा, मग इंग्रजीत लिहा. 'सायटो' म्हणजे पेशी, 'लायसिस' म्हणजे फुटणं, 'हिमो' म्हणजे रक्त. अशी पन्नासेक मुळं वहीत उतरवली की निम्मे शब्द स्वतःच बोलतात.

आणि स्टाफरूममध्ये बसून 'कोट्यातल्यांना बायो झेपत नाही' म्हणणाऱ्यांनीही ऐकावं. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जीवशास्त्राच्या प्रास्ताविक वर्गात नुसती व्याख्यानं कमी करून रोजचा सराव, प्रश्न सोडवणं, वर्गातली चर्चा आणली. वंचित घरांतल्या विद्यार्थ्यांचं मागे पडणं जवळपास निम्म्याने घटलं. २०११ साली 'सायन्स'मध्ये ते छापून आलं. प्रवेशाचे निकष तेच, पोरं तशीच, शिकवणं बदललं. मग गुणवत्ता कुणाची तपासायची? (याच सिएटलने २०२३ मध्ये जातीय भेदभावावर कायद्याने बंदी घातली, हेही जाता जाता.)

आमचं मंडळांना सांगणं एवढंच : यंदा बॅनर लावा, पण ते १८ तास १८ आठवड्यांत वाटा. विहारात किंवा अभ्यासिकेत दर रविवारी एक तास, एक फळा, पुस्तकं मिटलेली. सिनियरांनी प्रश्न विचारायचे, फर्स्ट इयरच्यांनी फळ्यावर आकृती काढून उत्तर द्यायचं. खडूचा खर्च बॅनरपेक्षा कमी येईल.