शीळकरी कस्तुराची वीण आणि पश्चिम घाटाचा मसुदा

पश्चिम घाटातील पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र निश्चित करण्यासाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मार्च 2014 मध्ये प्रारूप अधिसूचना काढली. 31 जुलै 2024 रोजी तिचा सहावा मसुदा प्रसिद्ध झाला. प्रस्तावित सुमारे 56,800 चौरस किलोमीटर क्षेत्रात महाराष्ट्राचा वाटा 17,340 चौरस किलोमीटर आहे. क्षेत्र कमी करावे, अशी मागणी राज्यांनी केल्याने निर्णय लांबला. मात्र अधिसूचना निघाल्यानेच सह्याद्रीचे सर्व रक्षण होईल काय, हा प्रश्न उरतोच. शीळकरी कस्तूर हा गाणारा पक्षी त्याचे उत्तर शोधण्यास साहाय्यभूत ठरतो.

माणसाने सहज शीळ घालावी तशी तान घेणारा हा निळा-काळा पक्षी डोंगरी ओढ्यांच्या काठी राहतो. त्याची वीण मुख्यतः पावसाळ्यात होते. ओढ्यालगतच्या वा धबधब्याशेजारच्या कपारीत मुळे, शेवाळ आणि चिखल यांचे घरटे बांधून मादी 2 ते 4 अंडी घालते. कीटक, गोगलगायी, खेकडे हे त्याचे खाद्य. म्हणजेच घरटे आणि अन्न या दोहोंसाठी त्याला ओढाच हवा असतो.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत हा पक्षी संकटग्रस्त नाही. परंतु ते मूल्यमापन संपूर्ण जातीचे असते; एखाद्या ओढ्याचे भवितव्य त्यातून कळत नाही. मसुद्यात खाणी, दगडखाणी, औष्णिक वीजप्रकल्प आणि 20,000 चौरस मीटर वा त्याहून मोठी बांधकामे यांवर बंदी प्रस्तावित आहे. त्याहून लहान विश्रामगृहे या बंदीत येत नाहीत. शिवाय धबधब्यांवर पर्यटकांची गर्दी उसळते, ती नेमकी विणीच्या महिन्यांत.

ही उणीव स्थानिक पातळीवर भरून काढता येण्याजोगी आहे. जैविक विविधता कायदा, 2002 नुसार स्थानिक स्वराज्य संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन करून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. त्या नोंदवहीत विणीच्या कपारी आणि ओढे यांची नोंद झाली, तर ग्रामसभेला पावसाळी पर्यटन व ओढ्याकाठची बांधकामे यांविषयी भूमिका ठरवता येईल. व्यापक क्षेत्राच्या रक्षणासाठी केंद्राची अधिसूचना आवश्यकच आहे. कपारीतील घरट्याची राखण मात्र गावालाच करावी लागेल.