वाड्यातल्या भुतांचा थकलेला हिशेब

तेर (जि. धाराशिव) : गूढ मालिकेच्या नेपथ्यकाराला हवे ते सारे तेरमध्ये आयतेच आहे. तेरणेच्या काठी पांढऱ्या मातीची टेकाडे, त्यांच्या पोटात दोन हजार वर्षांपूर्वीचे नगर, मुळात बौद्ध चैत्य असावे असे मानले जाणारे विटांचे त्रिविक्रम मंदिर, आणि आसपासच्या गावांतून दगडमातीच्या भिंतींचे, माळवदाचे जुने वाडे. तरीही मराठी दूरचित्रवाणीवरील गाजलेली भुते बहुधा कोकणातच रमली. मात्र ही भुते पाहणारा प्रेक्षक सर्वदूर पसरलेला आहे. वीस-तीस वर्षांपूर्वीच्या भयमालिका आज मोबाइलच्या पडद्यावर पुन्हा पाहिल्या जातात. चित्रीकरण जुने, रंग फिके, संगीत कर्कश, आणि भुताचा मुखवटा तर लहान मुलालाही ओळखू यावा असा. मग या मालिकांत एवढे काय आहे?

निव्वळ गतकाळाची ओढ हे या प्रश्नाचे सोपे उत्तर आहे. पण ते पुरेसे नाही. त्या काळातील कितीतरी कौटुंबिक मालिका प्रेक्षक विसरून गेला. भुते मात्र टिकली. त्याचे कारण शोधायचे तर भुतापेक्षा ते ज्या घरात राहते, त्या घराकडे पाहावे लागते.

वेताळापासून अण्णा नाईकांपर्यंत

भारतीय दूरचित्रवाणीवर अद्‌भुताची ओळख घरोघरी करून दिली ती १९८५ मधील ‘विक्रम और वेताल’ने. १९९३ मध्ये रॅमसे बंधूंचा ‘झी हॉरर शो’ आला, तर १९९५ मध्ये सोनी वाहिनीवर बी. पी. सिंग यांची ‘आहट’ सुरू झाली. मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी गूढकथेचा वाचक आधीच घडवून ठेवला होता. मतकरी यांच्या कथांवरील ‘गहिरे पाणी’ हे त्या वाचनपरंपरेचेच दृश्यरूप. २००७ ते २००९ या काळात झी मराठीवर सतीश राजवाडे दिग्दर्शित ‘असंभव’ चालली. पुनर्जन्म, जुना वाडा आणि नीलम शिर्के यांनी रंगवलेली सुलेखा यांनी दैनंदिन मालिकेच्या चौकटीत भय आणून बसवले. पुढे २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ आली. आकेरीच्या घरात घडणाऱ्या या कथेची २०१९ आणि २०२१ मध्ये आणखी दोन पर्वे निघाली. माधव अभ्यंकर यांचे अण्णा नाईक आणि अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता ही पात्रे घराघरांत पोहोचली.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर जून १९६६ ते एप्रिल १९७१ या काळात ‘डार्क शॅडोज’ ही मालिका दुपारच्या वेळी लागत असे. निर्माते डॅन कर्टिस यांनी १९६७ मध्ये तिच्यात बार्नबस कॉलिन्स हा रक्तपिपासू पिशाच आणला आणि डळमळणारी मालिका सावरली. शाळेतून धावत घरी येणारी मुले हा तिचा हक्काचा प्रेक्षक होता. तिचे १२२५ भाग झाले. रोज एक भाग उरकायचा असल्याने पुनर्चित्रीकरणाची चैन परवडत नसे. परिणामी ध्वनिक्षेपक चौकटीत डोकावत, भिंती हलत, नट संवाद विसरत. या चुकांसकट आजही तिचे चाहते ती आवडीने पाहतात. २०१२ मध्ये टिम बर्टन यांनी याच नावाचा मोठ्या खर्चाचा चित्रपट काढला. त्यात भिंती हलत नव्हत्या. पण मूळ मालिकेची जागा काही त्याला घेता आली नाही.

मालिका आणि चित्रपट यांतील हा फरक महत्त्वाचा आहे. चित्रपटातले भूत दोन-अडीच तासांत निकालात निघते. मालिकेतले भूत मात्र महिनोन्‌महिने घरात वावरते. ते जेवणाच्या पंगतीत येते, सणावारात येते, सासू-सुनेच्या भांडणातही येते. साहजिकच ते हळूहळू कुटुंबातलेच एक होते. २००७ च्या सुमारास ग्रामीण महाराष्ट्र तासन्‌तास भारनियमन सोसत होता. ‘असंभव’चा भाग रंगात आला असताना वीज जाणे आणि उरलेली कथा अंधारात सर्वांनी मिळून रचणे, हा तेव्हाच्या पाहण्याचाच भाग होता. आता हातातल्या पडद्यावर प्रत्येक जण एकटा घाबरतो. जुन्या मालिकांची ओढ ही काही अंशी त्या एकत्र घाबरण्याची ओढ आहे.

भीती भिंतींची

पाश्चात्त्य साहित्यात ज्याला गॉथिक म्हणतात, त्या प्रकाराचा आरंभ होरेस वॉलपोल यांच्या १७६४ मधील ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’ या कादंबरीपासून मानला जातो. त्या कथेच्या मुळाशी बळकावलेला किल्ला आणि डावलला गेलेला वारस आहे. म्हणजे भुताच्या आधी वारसाहक्काचा तंटा आला. मराठी मालिकांनी ही नस अचूक पकडली, किंबहुना ती त्यांना उसनी घ्यावीच लागली नाही. ‘रात्रीस खेळ चाले’ची सुरुवात घराच्या कर्त्या पुरुषाच्या मृत्यूने आणि त्यानिमित्त एकत्र आलेल्या मुलांनी होते. दुसरे पर्व मागे जाऊन त्याच कर्त्या पुरुषाची जमिनीची हाव आणि बायकांवरचे अत्याचार दाखवते. धारपांच्या कथेतून प्रेरणा घेतलेला ‘तुंबाड’ हा चित्रपटही वाडा आणि वारशाने आलेली हाव यांचाच आहे. सासवडच्या पुरंदरे वाड्यात चित्रित झालेला हा चित्रपट २०१८ मध्ये बेताचाच चालला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर मात्र त्याने पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमाई केली.

धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत वाड्याच्या भीतीला आणखी एक पदर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली असताना, किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे दगावली, ती मुख्यतः जाड दगडी भिंती आणि त्यांवरच्या माळवदाच्या मातीखाली. ज्या भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या ऊन अडवले, थंडी अडवली, त्याच भिंतींनी घात केला. छोट्या पडद्यावर ‘झी हॉरर शो’मधील हवेल्या करकरू लागल्या, तेही हेच वर्ष. या पट्ट्यातील प्रेक्षकाला घर माणसाला गिळते हे सांगायला पटकथाकाराची गरज नव्हती. अर्थात, भूकंपाच्या भीतीला चेहरा नसतो आणि तिचा जाबही कोणाला विचारता येत नाही. मालिकेतल्या भीतीला चेहरा असतो, कारण असते आणि कधी ना कधी शेवटही असतो. हा दिलासा थोडाथोडका नाही.

भुताचा प्रश्न

तेरचे प्राचीन नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठण आणि तगर या दख्खनच्या दोन मोठ्या बाजारपेठा म्हणून येतात. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे तो ग्रंथ सांगतो. याच सातवाहनांच्या पैठणशी गुणाढ्याची आख्यायिका जोडलेली आहे. पैज हरल्यामुळे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा सोडल्या, पैशाची भाषेत रक्ताने ‘बृहत्कथा’ लिहिली, आणि राजाने ती नाकारल्यावर एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकले. अकराव्या शतकात सोमदेवाने त्याच परंपरेतून ‘कथासरित्सागर’ रचला, आणि त्यात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. भयकथा ही परदेशी उचल आहे असे मानणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात घ्यायला हवा.

त्या कथांतील वेताळ काय करतो? तो राजाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगतो आणि शेवटी विचारतो, यात न्याय कोणाच्या बाजूने? उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले व्हायची. म्हणजे आपल्या परंपरेतले भूत घाबरवण्याआधी न्याय मागते. जिवंत माणसांनी जो प्रश्न टाळला, तो मेलेला विचारतो. मालिकांचे आकर्षण नेमके येथे आहे. जमीन कोणाची, कोणाला फसवले, कोणाचे तोंड बंद केले, हे बैठकीच्या खोलीत कोणी बोलत नाही. ते बोलायला भूत लागते.

आणि हे भूत बहुतेक वेळा बाईचे असते, हा योगायोग नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला. गावोगाव मात्र भावाच्या शब्दाखातर हक्कसोडपत्रावर सही करणे हीच रीत राहिली. माहेर तुटू नये म्हणून बहीण गप्प राहते. पडद्यावरची बाई मेल्यावर वाड्यात परतते आणि आपला वाटा मागते. प्रेक्षक तिला घाबरतो. तिचे बरोबर आहे, हेही त्याला ठाऊक असते.

गोष्ट आणि गुन्हा

धोकाही याच वळणावर आहे. मालिकेत बाईचे भूत न्याय मागते. गावात मात्र जिवंत बाईलाच भूत ठरवले जाते. मराठवाड्याला भानामतीच्या अफवा नव्या नाहीत. घरात आजार आला, जनावर दगावले की संशय शेजारच्या एकट्या, विधवा किंवा जमीन बाळगून असलेल्या बाईवर जातो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला, तो २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची पुण्यात हत्या झाल्यानंतरच मार्गी लागला. जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिने ते सात वर्षे कैदेची तरतूद आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, करणी केल्याचा आळ घेऊन बदनामी, गुप्तधनासाठी अघोरी कृत्ये हे सारे गुन्हे आहेत. ‘रात्रीस खेळ चाले’ला सुरुवातीला जो विरोध झाला, त्यात अंधश्रद्धेला खतपाणी मिळेल ही शंकाही होती.

ही शंका निराधार म्हणता येणार नाही. पण सगळ्या भुतांना पडद्यावरून हाकलणे हे तिचे उत्तर नव्हे. कायदा गोष्ट सांगण्यावर बंदी घालत नाही, छळावर घालतो. मालिकेचा कस पाहायचा तर भूत खरे की खोटे याऐवजी, ती दोष कोणाच्या माथी मारते हे पाहावे. चांगली भयकथा बोट दाखवते ते वाडा बळकावणाऱ्याकडे. वाईट भयकथा तेच बोट एकाकी बाईकडे वळवते आणि मांत्रिकाला नायक करते.

तेरमध्ये अद्‌भुताचा आणखी एक नमुना आहे. संत गोरोबाकाकांचे हे गाव. भजनात तल्लीन झालेल्या गोरोबांच्या पायांखाली चिखलात त्यांचे मूल तुडवले गेले आणि विठ्ठलकृपेने ते परत आले, ही कथा येथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मूल जाण्याचे दुःख, आईचा आक्रोश आणि संसारातला दुरावा यांपैकी काहीही ती लपवत नाही. मेलेले परत येते ते येथेही; पण ते सूड घ्यायला येत नाही, आईच्या कुशीत येते. भक्तिकथेत देव हिशेब माफ करतो, भयकथेत मेलेला तो मागून घेतो. दोन्हींची गरज पडते ती जिवंत माणसे हिशेब देत नाहीत म्हणून. जुन्या मालिकांतील मुखवटे आज हास्यास्पद वाटतात आणि तरीही हात पुढचा भाग लावतो, याचे कारण तेच आहे. मुखवटा जुना झाला, वाटणी अजून व्हायची आहे.