'गम' शब्दाचीं दोन कुळें

इंग्रजीच्या तासाला 'गम' शब्द आला कीं बहुतेक विद्यार्थी 'डिंक' एवढा अर्थ लिहून वही मिटतात. पुढें त्याच शब्दाचा 'हिरडी' असाही अर्थ आढळला म्हणजे, 'डिंक चिकटतो, हिरडीही दांतांस चिकटून असते; म्हणून नांव एकच', असा तर्क लढवितात. हा तर्क गोड खरा, पण साफ चुकीचा आहे.

डिंकाचा 'गम' हा दूरचा प्रवासी. मिसरी लोक प्रेतांस गुंडाळावयाच्या तागाच्या पट्ट्यांस डिंक लावीत, असें हिरोडोटसानें लिहून ठेविलें आहे. त्यांच्याच भाषेंतून हा शब्द ग्रीकांत 'कोम्मि' झाला. पुढें लॅटिन व फ्रेंच यांच्या द्वारें तो इंग्रजींत उतरला. हिरडीचा 'गम' मात्र इंग्रजांच्या घरचाच. जुन्या इंग्रजींत 'गोमा' म्हणजे टाळू. कालांतरानें दोहोंचें रूप जुळलें. कुळें जुळलीं नाहींत.

आपल्या मराठींतही असेंच आहे. हत्ती या अर्थाचा 'गज' संस्कृत, तर कापड मोजावयाचा 'गज' फारसी. मोल्स्वर्थच्या १८५७ च्या कोशांत शब्दांपुढें मूळ भाषेची खूण दिलेली आहे. ती पाहण्याचे श्रम किती जण घेतात?

आमचें मत असें कीं, सादृश्य म्हणजे नातें नव्हे, हें ज्यास एका शब्दापुरतें उमगलें तो इतर व्यवहारांतही सहसा फसत नाहीं. म्हणून पालकांस विनंती कीं, मुलानें अर्थ विचारल्यास तो सांगून मोकळें होऊं नये. त्याच्या हातीं कोश द्यावा.