कासवाची टाकी आणि स्वयंपाकघरातले सिंक

सीबीडी बेलापूरसारख्या फ्लॅटच्या वस्तीत कुत्रा पाळायचा म्हटले की घरच्यांपासून सोसायटीपर्यंत सगळ्यांची हरकत येते. मग मुलांच्या हट्टापुढे तोडगा निघतो तो कासवाचा. डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले हे इवलेसे कासव म्हणजे रेड इअर्ड स्लायडर, मूळचे अमेरिकेचे. ते भुंकत नाही, चावण्याची भीती कमी, जागाही थोडी लागते.

पण कासव, इग्वाना, साप अशा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो. प्राणी स्वतः ठणठणीत दिसतो. विष्ठेवाटे जिवाणू टाकीच्या पाण्यात आणि कवचावर येतो, तिथून मुलाच्या हाताला आणि तोंडात जातो. मग जुलाब, ताप, पोटात मुरडा. बहुतेक जण आठवड्याभरात बरे होतात. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना मात्र तो जिवावर बेतू शकतो. आपल्या दोन खोल्यांच्या घरात तान्हे बाळ आणि दादी एकत्रच राहतात, हे विसरून चालणार नाही.

अमेरिकेने १९७५ मध्येच चार इंचांपेक्षा लहान कासवे पाळण्यासाठी विकण्यावर बंदी घातली, कारण मुले ती हातात घेत, तोंडातही घालत.

कासवामुळे मुलांना जबाबदारी कळते, असे पालक सांगतात. प्रत्यक्षात चार दिवसांनी टाकी धुण्याचे काम आईकडे येते, आणि ती धुतली जाते तांदूळ धुतो त्याच सिंकमध्ये. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: लहान मूल किंवा थकलेले माणूस असलेल्या घरात कासव आणू नये.

आधीच आणले असेल तर टाकी स्वयंपाकघरापासून दूर ठेवा, तिचे पाणी संडासात ओता. हात लावल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुवा. पाच वेळा वजू होत असला तरी हा साबण वेगळा. कंटाळा आला म्हणून कासव तलावात सोडू नका, ते स्थानिक कासवांच्या मुळावर येते. आपल्याकडचे स्टार कासव पाळणे तर वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे.

आणि मुलाला जुलाब-ताप झाला, तर घरात कासव आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगा.