मुसाफिराचं नाव

मागच्या रविवारी भाचा दौंडला आमच्याकडे जेवायला आला. रांजणगावच्या एमआयडीसीत नुकताच नोकरीला लागलाय, शिरूरला खोली शोधतोय. म्हणाला, "खाला, तीन खोल्या पसंत पडल्या. नाव सांगितलं की खोली आधीच गेलेली असते. आता नुसतं आडनाव सांगेन. पाटील तर आहोतच आपण!" सगळे हसले. माझा घास मात्र घशात अडकला.

तेव्हा मला अफानासी निकितीन आठवला. रशियातल्या त्वेर गावचा हा व्यापारी १४७० च्या आसपास, बहमनी काळात, विकायला एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला. गोरा माणूस म्हणून लोक त्याच्या मागे मागे फिरत. तिथून तो आपल्या जुन्नरला आला आणि दोन महिने राहिला. जुन्नरवरून येणारी कुकडी घोडनदीला मिळते, तीच घोडनदी आपल्या शिरूरची. म्हणजे माणूस आपल्याच मुलखात राहून गेला.

त्याने रोजचं जगणं टिपून ठेवलंय. चार महिने रात्रंदिवस पाऊस आणि चिखल. त्याच दिवसांत नांगरणी-पेरणी. घोड्यांना वाटाणे आणि तूप-साखरेची खिचडी. सरायांत मुसाफिरांसाठी घरधनीण स्वतः रांधते.

पण या मुलखात तो स्वतःच्या नावाने वावरत नव्हता. नाव घेतलं होतं खोजा यूसुफ खुरासानी. जुन्नरच्या खानाला तो मुसलमान नाही हे कळलं. खानाने घोडा काढून घेतला आणि बजावलं, आमचा धर्म स्वीकार, घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो. नाहीतर घोडा गेला, शिवाय हजार मोहरा तुझ्याकडूनच वसूल करीन. मुदत चार दिवसांची. तेवढ्यात खुरासानचा मुहम्मद नावाचा एक गृहस्थ तिथे आला. निकितीनने त्याला गळ घातली. तो खानाकडे गेला, रदबदली केली, धर्म बदलण्याची सक्ती टाळली आणि घोडाही परत आणला.

खान मुसलमान होता आणि मुहम्मदही मुसलमानच होता. निकितीनने दोघांचीही नोंद ठेवली. साडेपाचशे वर्षं झाली तरी ती वाचता येते.

पुढे बीदरला त्याने ओळखीच्या हिंदूंना आपलं खरं नाव आणि खरा धर्म सांगून टाकला. तो लिहितो, त्यानंतर त्यांनी त्याच्यापासून काही लपवलं नाही, ना जेवण, ना व्यापार, ना पूजा. परक्या मुलखात खरं नाव सांगता येणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

भाच्याची गोष्ट ऐकून घरमालकांना बोल लावणार होते. पण महिन्यापूर्वी आमच्या वरच्या खोलीसाठी ओडिशाचा एक तरुण दारात उभा होता, ते आठवलं. मी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. आधी नाव विचारलं, मग खातोस काय ते विचारलं आणि शेवटी "घरच्यांना विचारून सांगते" म्हणून दार लावून घेतलं. घरच्यांना विचारलं कधीच नाही.

भाचा गेल्यावर त्याचा नंबर शोधला आणि फोन लावला.

"खोली अजून रिकामी आहे," म्हटलं, "बघायला ये. आणि जेवूनच जा."